तो चर्चला येत नाही, पण घरी येतो ना?

रविवारची सकाळ. घरात नेहमीची घाई. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर, पोळ्या डब्यात, चहा अर्धा पिऊन झालेला. मिस्साला जायची वेळ झाली म्हणून तुम्ही हाक मारता. आतल्या खोलीतून उत्तर येतं, ‘‘तुम्ही जा, मी येत नाही.’’

पहिल्या रविवारी त्याचं डोकं दुखत असतं. दुसऱ्या रविवारी ऑफिसचं काम असतं. असे पाच-सहा रविवार जातात आणि एका रात्री जेवताना तो ताटाकडे बघत म्हणतो, ‘‘मम्मी, माझा आता या सगळ्यावर विश्वास राहिला नाही.’’

तो तुमचा मुलगा असेल, मुलगी असेल, नवरा असेल, पाठची बहीण असेल. घर वसईतलं असेल, अहिल्यानगरचं असेल, गोव्यातलं असेल किंवा नोकरीनिमित्त बंगळुरूला जाऊन राहिलेलं असेल. त्या एका वाक्यानंतर घरात जी शांतता पसरते, ती सगळीकडे सारखीच असते.

आणि तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी पुढे वाचा. कारण देव्हाऱ्यासमोर हात न जोडणारा मुलगा, रोजा न धरणारी मुलगी, वारी सोडलेला भाऊ अशी माणसं प्रत्येक धर्माच्या घरात असतात. प्रश्न एकच असतो: याच्यावर आता प्रेम कसं करायचं?

हे दुःख खोटं नाही

बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढं काय त्यात? रविवारी चर्चला गेला नाही तर आभाळ कोसळतं का? पण श्रद्धाळू आईच्या किंवा बायकोच्या मनात काय चालू असतं, ते आधी समजून घ्यायला हवं.

ख्रिस्ती श्रद्धेत मरण हा शेवट नाही. त्यापुढे देवाच्या सहवासात आपली माणसं पुन्हा भेटतील, अशी आशा आहे. आजी गेली, बाबा गेले, तरी ती आशा माणसाला उभं ठेवते. अशा वेळी घरातलाच एक जण विश्वास सोडतो, तेव्हा त्या आईला वाटतं, पुढच्या त्या भेटीत हा नसेल. ही भीती तुम्हाला पटो न पटो, तिच्यासाठी ती खरी आहे. तिला ‘‘वेडेपणा करू नकोस’’ म्हणून गप्प बसवता येत नाही.

दुसरी गोष्ट समाजाची. २०११च्या जनगणनेनुसार आपल्या देशात ख्रिस्ती लोक साधारण २.३ टक्के आहेत. एवढ्या लहान समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात. बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन, लग्न, नाताळचा गोठा, शेवटी दफनभूमीतली जागा, सगळं एकाच चर्चभोवती फिरतं. त्यामुळे एक माणूस बाकावरून उठला की ती रिकामी जागा लगेच दिसते. ‘‘तुमचा धाकटा दिसत नाही हल्ली?’’ हा प्रश्न दर रविवारी कोणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण घरी परतेपर्यंत तो प्रश्न आईच्या छातीवर दगड होऊन बसतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. ‘‘माझंच काही चुकलं का?’’ हा प्रश्न आईवडील कोणाला बोलून दाखवत नाहीत. रोज रोझरी म्हटली, मुलांना संडे स्कूलला पाठवलं, मग कमी कुठे पडलं?

हा प्रश्न तुमच्याही मनात असेल तर एका घराची गोष्ट सांगते. त्या घरातली बायको श्रद्धाळू होती आणि नवऱ्याचा विश्वास हळूहळू गळून गेला. नवऱ्याचं नाव तुम्ही शाळेत नक्की वाचलंय. चार्ल्स डार्विन.

एमाचं पत्र

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा डार्विन तरुणपणी पाद्री व्हायला निघाला होता, हे अनेकांना माहीत नसतं. घरच्यांनी त्याला त्यासाठीच केंब्रिजला पाठवलं होतं. पुढे ‘बीगल’ जहाजावरचा जवळपास पाच वर्षांचा प्रवास झाला, तो परत आला आणि त्याच्या मनात शंका उभ्या राहिल्या.

१८३८ मध्ये त्याने आपल्या मामेबहिणीला, एमा वेजवुडला, लग्नाची मागणी घातली. चार्ल्सच्या वडिलांनी त्याला आधीच सल्ला दिला होता की धर्माबद्दलच्या शंका बायकोपासून लपवून ठेव. चार्ल्सने तो सल्ला मानला नाही. लग्नाआधीच त्याने एमाला सगळं सांगून टाकलं.

एमा मनापासून ख्रिस्ती होती. तिची लाडकी बहीण फॅनी १८३२ मध्ये वारली होती आणि स्वर्गात तिची पुन्हा भेट होईल ही आशा एमाने घट्ट धरून ठेवली होती. अशा मुलीला होणारा नवरा सांगतो की मला याची खात्री वाटत नाही. तिने काय केलं असेल?

तिने लग्न मोडलं नाही. रडून-भेकून त्याला वचनात अडकवलंही नाही. तिने पत्र लिहिलं. मोकळेपणाने सांगितलंस म्हणून आभार मानले. प्रामाणिक शंका हे पाप असू शकत नाही असं माझी बुद्धी सांगते, पण यामुळे आपल्या दोघांमध्ये एक दुखरी पोकळी राहील अशी भीती वाटते, असंही कबूल केलं. एकच विनंती केली: योहानाच्या शुभवर्तमानात येशूने आपल्या शिष्यांचा निरोप घेतला तो भाग माझ्यासाठी वाच.

२९ जानेवारी १८३९ला त्यांचं लग्न झालं. त्यानंतर काही आठवड्यांतच तिने आणखी एक पत्र लिहिलं. एकाच घरात राहत असूनही पत्र, कारण काही गोष्टी तोंडाने बोलायला गेलं की भांडण होतं, हे तिला कळत असावं. तू प्रामाणिकपणे सत्य शोधतो आहेस, तोवर तू चुकीचा असू शकत नाहीस, असं तिने लिहिलं. पण सिद्ध झाल्याशिवाय काहीच मानायचं नाही ही विज्ञानाची सवय, ज्या गोष्टी त्या पद्धतीने सिद्ध होऊच शकत नाहीत त्यांनाही तू लावत नाहीस ना, असंही विचारलं. आपण कायमचे एकमेकांचे नाही असं वाटलं तर मला फार दुःख होईल, हेही लिहिलं. आणि शेवटी सांगितलं की मला या पत्राचं उत्तर नको, लिहून टाकल्याने मला बरं वाटलं, एवढंच.

‘उत्तर नको’ या शब्दांपाशी जरा थांबा. आपण आपल्या माणसाशी श्रद्धेबद्दल बोलतो तेव्हा आपल्याला उत्तर हवंच असतं, तेही लगेच आणि तेही आपल्याला हवं तेच. एमाने आपलं मन उघडं केलं आणि त्याला मोकळं सोडलं.

चार्ल्सने ते पत्र आयुष्यभर जपलं. त्याच्या शेवटी त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं की मी गेल्यावर तुला कळू दे, या पत्रावर मी कितीतरी वेळा ओठ टेकले आहेत आणि रडलो आहे.

त्याचा विश्वास काही परत आला नाही. पण ते पत्र फुकट गेलं, असं कोण म्हणेल?

रोजचं जगणं

पत्र लिहिणं एकदाचं असतं, संसार रोजचा असतो. १८४२ पासून डार्विन कुटुंब केंट परगण्यातल्या डाउन गावात राहायला गेलं. त्यांना दहा मुलं झाली, त्यातली सात मोठी झाली. रविवारी एमा मुलांना घेऊन गावातल्या चर्चला जायची. चार्ल्सचा विश्वास उडाल्यानंतरही तो कधी कधी त्यांच्याबरोबर चर्चपर्यंत चालत जायचा. ते सगळे आत गेले की तो एकटा फिरायला निघायचा.

या चित्रात मला फार काही दिसतं. त्याने तिला ‘‘जाऊ नकोस’’ म्हटलं नाही. तिने त्याला हाताला धरून आत ओढलं नाही. दारापर्यंतचा रस्ता दोघांचा होता.

गावचे पाद्री जॉन ब्रॉडी इनेस यांच्याशी चार्ल्सची जन्मभराची मैत्री झाली. गावातल्या गरिबांसाठी चालणाऱ्या मदत निधीचे हिशेबही तो सांभाळायचा. श्रद्धा संपली म्हणून माणुसकी संपत नाही, याचा याहून साधा दाखला कुठला?

१८५१ मध्ये त्या घरावर मोठा आघात झाला. त्यांची लाडकी मुलगी ॲनी दहा वर्षांची असताना माल्व्हर्न इथे उपचार चालू असताना वारली. एमाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे तिला मुलीजवळ जाताही आलं नाही. चार्ल्स तिच्या उशाशी होता. एकाच मुलीच्या मरणाकडे आईबाप दोन वेगवेगळ्या मनांनी बघत होते. एकीला वाटत होतं, ती देवाजवळ आहे. दुसऱ्याला तसं वाटणं शक्य नव्हतं. तरी रडायला दोघांना एकमेकांशिवाय कोण होतं? ॲनीची लिहिण्याची पेटी, तिच्या चिमुकल्या वस्तूंसकट, एमाने शेवटपर्यंत जपून ठेवली.

१८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रकाशित झालं. ज्या पुस्तकामुळे चर्चमध्ये खळबळ उडाली, त्याची मुद्रितं वाचायला एमाने मदत केली होती. १८६१ मध्ये, चार्ल्स सतत आजारी असताना, तिने पुन्हा एकदा पत्र लिहून देवाकडे वळण्याबद्दल हळुवारपणे सुचवलं. त्याने त्या पत्राच्या खाली, देव तुझं भलं करो, एवढंच लिहिलं. ज्याच्या मनात देवाबद्दल खात्री नव्हती, त्याने बायकोच्या भाषेत तिला आशीर्वाद दिला.

आणि रोज रात्री दोघं बॅकगॅमनचे दोन डाव खेळायचे. सोंगट्या आणि फाशांचा हा खेळ. चार्ल्स त्याचाही हिशेब ठेवायचा. १८७६ मध्ये त्याने एका मित्राला मोठ्या आनंदाने कळवलं की एमाने २,४९० डाव जिंकलेत आणि मी २,७९५! म्हणजे पाच हजारांहून जास्त डाव. देवाबद्दल एकमत न झालेलं हे जोडपं इतक्या रात्री एकमेकांसमोर बसलं होतं.

प्रेमालाही कधी जमत नाही

एमा काही संत नव्हती, हेही सांगायला हवं. चार्ल्सने घरच्यांसाठी आत्मचरित्र लिहिलं होतं. त्याच्या मरणानंतर, १८८७ मध्ये ते छापलं गेलं तेव्हा धर्माविरुद्धचा कडक मजकूर तिच्या आग्रहावरून वगळण्यात आला. विश्वास न ठेवणाऱ्यांना कायमची शिक्षा होते या शिकवणीवर त्याने केलेली टीका तिला सहन होण्यासारखी नव्हती. तो मजकूर वाचकांसमोर आला तो थेट १९५८ मध्ये, त्यांच्या नातीने पूर्ण आवृत्ती काढली तेव्हा.

आपणही असंच करतो ना? नातेवाइकांसमोर ‘‘तो कामात असतो हो’’ म्हणून वेळ मारून नेतो. त्याचं खरं रूप झाकून ठेवतो. एमाला दोष देणं सोपं आहे, पण नवऱ्याला लोकांनी नावं ठेवू नयेत असं तिला वाटलं असेल, तर ते आपल्याला कळू शकतं. फक्त एवढं लक्षात ठेवायचं, की आपण झाकतो ते त्याच्यासाठी की आपल्यासाठी?

याच्या उलट वागली त्यांची मुलगी हेन्रिएटा. वडील गेल्यानंतर तेहतीस वर्षांनी, १९१५ मध्ये अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती नियतकालिकात एक गोष्ट छापून आली. लेडी होप नावाच्या बाईंनी म्हटलं होतं की डार्विन शेवटच्या दिवसांत बायबल वाचत होते आणि त्यांना आपल्या सिद्धांताचा पस्तावा झाला होता. ही गोष्ट जगभर पसरली आणि आजही मोबाइलवर फिरत असते. पण १९२२ मध्ये हेन्रिएटाने जाहीरपणे सांगितलं की मी वडिलांच्या मृत्युशय्येजवळ होते, त्यांच्या शेवटच्या आजारपणात या बाई तिथे आल्याच नव्हत्या आणि वडिलांनी आपलं कुठलंही मत मागे घेतलं नव्हतं.

माणूस परत यावा असं आपल्याला कितीही वाटलं, तरी त्याच्या परत येण्याची खोटी गोष्ट रचणं हे प्रेम होत नाही. तो जसा होता तसा त्याला आठवणं, हेच त्याच्यावरचं प्रेम.

मोनिकाची गोष्ट, आणि तिची चूक

चर्चला जाणाऱ्या घरांत अशा वेळी हमखास आठवते ती संत मोनिका. तिचा सण २७ ऑगस्टला असतो. तिचा मुलगा ऑगस्टीन चौथ्या शतकातला, आजच्या अल्जीरियात जन्मलेला. आईची श्रद्धा बाजूला सारून तो मानी पंथात गेला आणि साधारण नऊ वर्षं तिथे राहिला. मोनिका त्याच्यासाठी वर्षानुवर्षं रडली, प्रार्थना करत राहिली आणि अखेर ३८७ मध्ये मिलानला त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे तो चर्चचा फार मोठा विचारवंत ठरला.

ही गोष्ट आपल्याला इथपर्यंतच सांगितली जाते. पण ऑगस्टीनने स्वतः आपल्या आत्मकथनात आणखी काही सांगितलंय. सुरुवातीला मोनिकाने त्याला आपल्या घरात राहू द्यायला, आपल्याबरोबर जेवायला नकार दिला होता. पुढे तिला एक स्वप्न पडलं आणि तिने पुन्हा त्याला घरात घेतलं.

नंतर ती एका बिशपकडे गेली आणि म्हणाली, तुम्ही माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका त्याला दाखवून द्या. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेले होते. त्यांनी नकार दिला. आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्यालाच कळेल, असं त्यांनी सांगितलं. ती तरी हट्टच करत राहिली तेव्हा ते थोडे वैतागलेही. सोळाशेहून जास्त वर्षांपूर्वीचा हा सल्ला आज किती घरांत उपयोगी पडेल!

मोनिकाने पाठलाग मात्र सोडला नाही. ३८३ मध्ये ऑगस्टीनने तिला चक्क फसवलं. मित्राला निरोप द्यायला जातो म्हणून सांगितलं आणि ती प्रार्थनेत असताना रातोरात जहाजाने रोमला निघून गेला. मुलं आईशी खोटं का बोलतात, याचा विचार करताना ही रात्र आठवावी. खरं सांगण्याएवढी जागा घरात उरली नाही, की माणूस रात्रीची बोट पकडतो.

दोन घरं, दोन शेवट. ऑगस्टीन परतला, डार्विन परतला नाही. म्हणून मोनिकाचं प्रेम खरं आणि एमाचं वाया गेलं, असं म्हणता येईल का? परत येण्याच्या अटीवर केलेलं प्रेम त्या माणसाला लगेच ओळखू येतं. त्याला वाटतं, मी या घरात मुलगा म्हणून बसलो नाहीये, एक अडलेलं काम म्हणून बसलोय.

आपल्या मराठी घरातला आरसा

मराठी वाचकाला ही वेदना दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवऱ्याने आपला धर्म सोडला, लहान मुलगा पदरात, समाजाची बोटं आपल्याकडे. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग नगरला टिळकांकडे आल्या, तेव्हाही स्वतःचं सोवळं-ओवळं पाळत राहिल्या. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. हे सगळं ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी इतक्या हसत-हसत सांगितलंय, की वाचताना डोळे कधी भरून येतात ते कळत नाही.

आज ज्या ख्रिस्ती घरात मुलगा श्रद्धा सोडतो म्हणून रडारड होते, त्या घरातल्या कुठल्यातरी पणजोबांनी असंच कोणालातरी रडवलं असेल. श्रद्धा धरण्याचं स्वातंत्र्य त्यांना हवं होतं. तेच स्वातंत्र्य सोडणाऱ्यालाही लागतं. आपल्या राज्यघटनेच्या २५व्या कलमात सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलंय, ते दोघांसाठीही आहे.

आणि ख्रिस्ती वाचकांनी आपल्याच घरातली गोष्ट पुन्हा वाचावी. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला. मुलगा वाटणी मागतो तेव्हा बाप ती देतो. दार अडवून उभा राहत नाही. मुलगा परत येतो तेव्हा बाप त्याला दुरूनच ओळखतो आणि धावत जातो. मुलाने पाठ केलेलं माफीचं भाषणही पुरतं ऐकून घेत नाही. त्याच गोष्टीत घरी राहिलेला थोरला भाऊही आहे, जो रागाने अंगणात उभा राहतो. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. आपण स्वतःला नेहमी त्या बापाच्या जागी बघतो. पण फॅमिली ग्रुपवर टोमणे मारताना आपण बहुतेक वेळा थोरला भाऊ झालेलो असतो.

मग नेमकं काय करायचं?

सगळ्यात आधी ऐका. तो का दूर गेला हे तुम्हाला माहीत आहे, असं धरून चालू नका. कोणी वाचता वाचता शंकेत पडतं. कोणाच्या घरी तरुण माणूस जातं आणि प्रार्थना ऐकली गेली नाही असं मनाला लागतं. कोणाला चर्चमधल्याच माणसाने दुखावलेलं असतं, कोणाला तिथला ढोंगीपणा सहन होत नाही. या प्रत्येकाला वेगळं उत्तर लागतं आणि काहींना उत्तर नकोच असतं. चर्चमध्ये कोणी त्रास दिला, अंगाला हात लावला असं तो किंवा ती सांगत असेल, तर तिथे श्रद्धेचा विषय बाजूला ठेवा आणि आधी त्याच्या बाजूने उभे राहा.

एकदा मनातलं सांगा, रोज सांगू नका. ‘‘मला वाईट वाटतं, मी तुझ्यासाठी प्रार्थना करत राहीन, पण तू माझाच आहेस,’’ एवढं एकदा बोला. मग एमासारखं उत्तर न मागता थांबा. सकाळी सहा वाजता वचनांचे फॉरवर्ड, जेवताना टोमणा, वाढदिवसाच्या भेटीत मुद्दाम दिलेलं धार्मिक पुस्तक, हे सगळं मिळून त्याला फोन न उचलायला शिकवतं.

पाळक साहेबांना किंवा फादरना त्याच्या नकळत घरी बोलावू नका. तो कामावरून येतो आणि सोफ्यावर तीन माणसं त्याची वाट बघत बसलेली असतात. हा सापळा तो विसरत नाही. बोलायचं असेल तर आधी त्याला विचारा.

आजारपण, अपयश, मूल न होणं यांना ‘देवाची शिक्षा’ म्हणू नका. हे एक वाक्य दहा वर्षांचं नातं तोडू शकतं.

सणाला बोलवा. नाताळची कुलकुलं तळायला, कंदील लावायला, गोठा बांधायला त्याचे हात लागतातच की. मध्यरात्रीच्या मिस्साला येणार का, हे एकदा विचारा. नाही म्हणाला तर ‘‘बरं, मग आम्ही येईपर्यंत कॉफी करून ठेव,’’ म्हणा. त्या कॉफीत जेवढं घर आहे, तेवढं शंभर उपदेशांत नाही.

लग्नाचा प्रश्न आला तर चिडण्याआधी माहिती घ्या. धार्मिक विधी नको असेल तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी पद्धतीने लग्न करता येतं. त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. चर्चमध्ये लग्न नाही म्हणून तुम्ही रजिस्ट्रार ऑफिसला गेला नाहीत, तर तुमची रिकामी खुर्ची त्याच्या फोटोंमध्ये आयुष्यभर दिसत राहील.

नातवंडांच्या बाप्तिस्म्यावरून आजी-आजोबा अनेकदा अडून बसतात. तो निर्णय आईबापांचा आहे. त्यांच्या नकळत काही करू नका. तुम्ही गोष्टी सांगा, गाणी म्हणा, तुमची प्रार्थना त्यांच्यासमोर करा. आजी गुडघ्यावर बसलेली नातवाने पाहिली, हेच त्याच्याजवळ राहील.

आणि स्वतःचं दुःख एकट्याने गिळू नका. विश्वासातल्या एखाद्या मैत्रिणीशी बोला. मुलाने विश्वास सोडला म्हणजे तुमचं संगोपन फसलं, असं नाही. प्रामाणिकपणे ‘‘मला पटत नाही’’ म्हणण्याचं धाडसही त्याला बहुधा तुमच्याच घरात मिळालं.

जो दूर गेला त्याच्यासाठी

हा लेख तूही वाचत असशील. कदाचित आईनेच फॉरवर्ड केला असेल. मग दोन गोष्टी तुझ्यासाठी.

तुला जे पटत नाही ते मानू नकोस. पण आईच्या श्रद्धेची चेष्टा करून आपलं स्वातंत्र्य सिद्ध करायची गरज नाही. ती जेवणाआधी डोळे मिटते तेव्हा दहा सेकंद घास हातात धरून थांबलास तर तुझं काही जात नाही. ती म्हातारी झाल्यावर तिला चर्चला सोडायला गाडी काढ. आत जाऊ नकोस हवं तर. दारापर्यंत चल. डार्विन चालायचा तसा.

आणि ती ‘‘तुझ्यासाठी प्रार्थना करते’’ म्हणाली तर तो टोमणा समजू नकोस. तिच्याजवळ द्यायला जे सगळ्यात मोलाचं आहे, ते ती तुला देतेय.

शेवटी

१९ एप्रिल १८८२ला चार्ल्स डार्विन गेला. घरच्यांना त्याला गावातच पुरायचं होतं, पण देशाने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा दिली. एमा त्या अंत्यविधीला गेली नाही, घरीच राहिली. ती १८९६ मध्ये वारली आणि तिला डाउन गावातल्या चर्चच्या आवारात पुरण्यात आलं. ज्याचा विश्वास उरला नव्हता तो देशातल्या सगळ्यात मोठ्या चर्चपैकी एकात आणि जिचा विश्वास टिकला ती गावच्या साध्या मातीत. कायमचं एकत्र राहता येईल का, ही तिची तरुणपणीची भीती होती. त्याचं उत्तर आपल्याला कोणाला देता येणार नाही.

पण त्रेचाळीस वर्षं ती दोघं एका छपराखाली राहिली, एकमेकांची आजारपणं काढली, मुलं वाढवली, मुलं गमावली आणि रात्री फासे टाकत बसली. हे तर झालंच. ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

येत्या रविवारी तुम्ही मिस्सा किंवा उपासना आटोपून घरी याल. तो झोपून उठलेला असेल, केस विस्कटलेले असतील. ‘‘आलात?’’ म्हणेल. चर्चमध्ये कोणी काय विचारलं ते दारातच चपलांबरोबर काढून ठेवा. आत जा, चहा टाका आणि दोन कप भरा.